तंजावरचे मोडी रुमाल : कागद टिकले, वाचणारे किती?

तिरुवैयारु (जि. तंजावर) : पौष महिन्यात येणाऱ्या त्यागराज आराधनेसाठी देशभरातील गायक-वादक कावेरीकाठच्या या गावी जमतात. कर्नाटक संगीताच्या रसिकांना तिरुवैयारुची ओळख आहे ती संत त्यागराजांच्या समाधीमुळे. मराठी वाचकांना मात्र या गावाचे आणखी एक नाते सहसा ठाऊक नसते. येथून दक्षिणेस सुमारे १२ किलोमीटरवर, तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीच्या दप्तराचे मोडी लिपीतील रुमाल जपून ठेवलेले आहेत. त्यांची संख्या १,३४२ सांगितली जाते. कावेरीच्या खोऱ्यातील देवळे, छत्रे, शेतजमिनी, वैद्य, गवई आणि यात्रेकरू यांच्याविषयी जवळजवळ दोन शतकांत लिहिले गेलेले मराठी या रुमालांत बांधलेले आहे.

हा साठा नष्ट झालेला नाही, तो अज्ञातही नाही. मात्र ज्या भाषेत तो लिहिला गेला त्या भाषेच्या प्रदेशापासून तो फार दूर आहे. ज्या प्रदेशात तो आहे, तेथे ती लिपी वाचणारी माणसे मोजकी आहेत. हस्तलिखितांच्या जतनाची नवी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली जात असताना या दप्तराचे स्थान नेमके कोठे, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

पंचनदाच्या काठी मराठी

तिरुवैयारु या तमिळ नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान असा आहे. संस्कृत परंपरेत त्याला पंचनद क्षेत्र म्हणतात, तर कंपनी सरकारच्या जुन्या इंग्रजी कागदांत तेच गाव ‘तिरुवाडी’ म्हणून येते. एकाच गावाची ही तीन नावे ठाऊक नसतील, तर अभ्यासकाच्या हातून निम्मे कागद निसटू शकतात.

या परिसरात मराठी सत्ता आली ती १६७६ च्या सुमारास. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरकरांच्या वतीने दक्षिणेत उतरले आणि तंजावरचे राज्य त्यांनी स्वतःकडे घेतले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे मुक्काम केला. हे ठिकाण तिरुवैयारुपासून जवळच, नदीपलीकडे आहे. तेथे दोघा भावांची भेट झाली, वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवर बोलणे झाले आणि काहीही न ठरता व्यंकोजी निघून गेले. त्यानंतर झालेला पत्रव्यवहार व दीपाबाईंच्या मध्यस्थीने झालेला समेट हा मराठ्यांच्या इतिहासातील राजकीय पत्रांचा एक ठळक अध्याय आहे. तंजावर आणि महाराष्ट्र यांच्यातील नाते अशा रीतीने आरंभापासूनच कागदावर उमटले.

पुढे १८५५ पर्यंत हे घराणे तंजावरात राहिले आणि त्याने स्थानिक परंपरांना आपल्यात सामावून घेतले. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणारे शहाजी राजे यांनी तेलुगू आणि मराठीत नाटके रचली. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील ‘सीता स्वयंवर’ प्रयोगाच्या कितीतरी आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटक लिहिले जात होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख १८०३ मध्ये कोरला गेला. मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. तो देवनागरीत असल्याने आजही थोड्या प्रयत्नाने वाचता येतो. रोजचा कारभार मात्र मोडीत चालत असे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

पोथी निराळी, पत्र निराळे

सरस्वती महालाची कीर्ती मुख्यतः पोथ्यांवर उभी आहे. नायक राजांच्या ग्रंथसंग्रहापासून वाढत गेलेल्या या ग्रंथालयाला खरा आकार दिला तो दुसऱ्या सरफोजी राजांनी. त्यांनी १७९८ ते १८३२ या काळात गादी सांभाळली. येथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते असून त्यांतील बहुसंख्य संस्कृत आहेत. मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या आसपास आहे. ए. सी. बर्नेल यांनी येथील संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली आणि युरोपातील विद्वानांचे लक्ष या संग्रहाकडे वळले.

मोडी रुमाल हा या संग्रहाचा दुसरा, कमी बोलला जाणारा भाग आहे. पोथी ही ग्रंथकर्त्याने लिहिलेली व लेखनिकाने नकललेली कृती असते. तिला नाव, विषय आणि अनेकदा शेवटी पुष्पिका असते. तिच्या दुसऱ्या प्रती अन्यत्र सापडू शकतात. पत्र, हिशेब किंवा आज्ञापत्र ही एका दिवशी, एका कामासाठी लिहिलेली गोष्ट असते. तिची दुसरी प्रत बहुधा नसते. पोथी हरवली तर एक पाठ हरवतो. दप्तरातील कागद हरवला तर एखाद्या घटनेचा एकमेव साक्षीदार जातो.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही, धोरणाच्या पातळीवरही त्याचे परिणाम होतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची व्याख्या करताना किमान ७५ वर्षांचे वय आणि ज्ञानविषयक आशय यांना महत्त्व दिले. शिलालेख, फर्माने आणि महसुली कागद यांना ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून हस्तलिखितांपासून वेगळे मानण्यात आले. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी घोषित झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेचे उद्दिष्ट एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे आहे. दुसरीकडे, १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या अखत्यारीतील संस्थांच्या अभिलेखांपुरता आहे. त्यामुळे एखाद्या राज्यातील ग्रंथालयात असलेले संस्थानी दप्तर या दोन्ही चौकटींच्या मधल्या जागेत पडण्याची शक्यता राहते. पोथीसाठी आखलेली योजना पत्रापर्यंत पोहोचावी लागते. ती आपोआप पोहोचत नाही.

राज्य गेले, दप्तर उरले

हे कागद आज उपलब्ध आहेत, यामागे एक कायदेशीर संघर्षही आहे. दुसरे शिवाजी राजे ऑक्टोबर १८५५ मध्ये निवर्तले. पुत्र नसल्याचे कारण देऊन ईस्ट इंडिया कंपनीने गादी खालसा केली. कारवाई केवळ राज्यापुरती राहिली नाही. राजवाड्यातील खासगी मालमत्ताही कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला; परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही कारवाई सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य असल्याने तिची न्याय्यता तपासण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. ‘राज्यकृत्य’ या तत्त्वाच्या संदर्भात हा खटला कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो.

न्यायालयात हरलेली मालमत्ता पुढे सरकारी निर्णयाने परत मिळाली. १८६२ मध्ये मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राणीवशाकडे सोपवली. त्यानंतरची वर्षे वारसांमधील दाव्यांची होती. अखेर राजघराण्याने ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला करण्याचे ठरवले आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी मद्रास सरकारच्या आदेशाने सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झाले. संग्रहाच्या देखभालीसाठी घराण्याने एक लाख रुपयांची देणगीही दिली.

त्या आधीच्या सहा दशकांत हा संग्रह कुटुंबांमध्ये वाटला जाऊन विखुरण्याचा धोका होता. भारतातील अनेक संस्थानांच्या दप्तरांची गत तशीच झाली. तंजावरचे दप्तर त्यातून बचावले.

रुमालांत काय आहे?

१७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे किल्ला, राजवाडा, एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. लष्कर आणि मुलूख गेला, पण लेखनशाळा बंद पडली नाही. उलट राजवाडा, देवस्थाने, छत्रे, दवाखाना, शाळा आणि ग्रंथालय यांचा बारीकसारीक कारभार हेच राज्यकर्तेपण उरले होते आणि त्याची नोंद कागदावर होत होती. मोडी रुमालांतील बऱ्याच कागदांचे मोल या कारणाने वाढते. लढायांचा इतिहास इतरत्रही मिळतो; एका नगराचे दैनंदिन जीवन अशा हिशेबांतूनच कळते.

छत्रांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी मराठा राजांनी आणि राजस्त्रियांनी छत्रे, म्हणजे तमिळमधील ‘सत्तिरम’, बांधली होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. तहानंतर ही छत्रेही कंपनीकडे जातील अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिले. छत्रांत सर्व जातींच्या प्रवाशांना अन्न मिळते, आजारी माणसाची शुश्रूषा होते, बाळंतिणीची व तान्ह्या मुलांची सोय पाहिली जाते, अनाथ मुलांना शिकवले जाते, असा तपशील देऊन ही व्यवस्था आपल्याकडेच राहावी अशी विनंती त्यांनी त्यात केली. मुलूख गमावलेल्या राजाने अन्नछत्रासाठी मांडलेली ही बाजू इंग्रजी पत्रातून कळते. त्या छत्रांत धान्य किती आले, स्वयंपाकी किती होते, वैद्याला काय मिळाले, हे शोधायचे तर मोडी रुमालांकडे वळावे लागते.

तिरुवैयारुचाही या व्यवस्थेशी संबंध आहे. छत्रांच्या उत्पन्नातून येथे संस्कृत पाठशाळा चालवली जाई. कालांतराने तिचे तमिळ शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात रूपांतर झाले. ‘अरसर कल्लूरी’, म्हणजे राजांचे महाविद्यालय, हे तिचे नाव आजही मूळ आश्रयदात्यांची आठवण देते.

संगीताच्या इतिहासासाठीही हे दप्तर मोलाचे आहे. त्यागराजांनी सरफोजींचे दरबारी निमंत्रण नाकारले, असे परंपरा सांगते. दरबारी गायक, नर्तकी आणि वादक यांच्या नेमणुका व वेतने दप्तरात नोंदली गेली. दरबाराबाहेर राहिलेल्या त्यागराजांची पदे मात्र शिष्यांनी लिहून ठेवली. वालाजापेट येथील शिष्यपरंपरेने जपलेली ती हस्तलिखिते आज मदुराईच्या सौराष्ट्र सभेत आहेत. राजाश्रय आणि गुरुभक्ती अशा दोन वाटांनी एकाच काळाचे कागद आपल्यापर्यंत आले आहेत.

एक कागद वाचायचा म्हणजे

मोडीची परंपरा यादवकालीन मंत्री हेमाद्रिपंत यांच्याशी जोडली जाते. आधी कागदावर आडवी शिरोरेषा आखून घ्यायची आणि तिला अक्षरे टांगत, शक्यतो लेखणी न उचलता लिहीत जायचे, ही तिची रीत. वेग साधला, पण वाचकाच्या वाट्याला कष्ट आले. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा, हे वाक्याच्या संदर्भावरूनच ठरवावे लागते.

त्यानंतर कालगणना येते. मराठी दप्तरात शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहीत. ‘सलास मयातैन व अलफ’ म्हणजे तीन, दोनशे आणि एक हजार, अर्थात १२०३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने हा कागद जून १८०२ ते मे १८०३ या दरम्यानचा ठरतो. कोणती संख्या मिळवायची, हे महिना पाहून ठरवायचे.

तंजावरच्या कागदांत याखेरीज आणखी एक थर आहे. पुण्याच्या दप्तरात मुरलेला वाचकही येथे अडखळतो, कारण धान्य ‘कलम’ या मापाने मोजलेले असते, जमीन ‘वेली’त, म्हणजे सुमारे साडेसहा एकरांच्या परिमाणात, आणि रक्कम ‘चक्रम’ नाण्यांत. व्याकरण मराठी, कारभाराचे शब्द फारसी आणि गावशिवाराचे शब्द तमिळ, अशी ही भाषा आहे. ती पूर्णपणे उलगडण्यासाठी मोडी येणारा मराठी जाणकार आणि कावेरी खोऱ्याची शेती-देवळे जाणणारा तमिळ अभ्यासक एकत्र बसावे लागतात.

अशा सहकार्याची पायाभरणी झालेली आहे. तंजावर येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह खंडरूपाने प्रसिद्ध केले. त्यामुळे तमिळ इतिहासकारांना या दप्तराचा एक भाग खुला झाला. मूळ मराठी पाठ मात्र बहुतांशी छापला गेलेला नाही. परिणामी मराठीत लिहिलेला कागद मराठी अभ्यासकाला तमिळ अनुवादातून समजून घ्यावा लागतो.

कोपनहेगनपासून पुण्यापर्यंत

तंजावरचे सर्वच कागद तंजावरात राहिले नाहीत. किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे १६२० पासून डेन्मार्कची वखार होती. त्या काळच्या रघुनाथ नायकांचे सुवर्णपत्रावरील पत्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पुढे भोसले राजांशी झालेल्या व्यवहारातील मोडी कागदही डेन्मार्कला गेले. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषींनी त्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सरफोजींचे मार्गदर्शक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ ज्या मिशनशी संबंधित होते, त्याचा पत्रव्यवहार जर्मनीतील हाले येथे आहे. कंपनी सरकारच्या बाजूची कागदपत्रे चेन्नई आणि लंडन येथे आहेत.

एकाच घटनेच्या दोन बाजू त्यामुळे दोन देशांत सापडतात. तुळजाजी राजांच्या मृत्यूनंतर १७८७ मध्ये दत्तक सरफोजींना बाजूला ठेवून अमरसिंह गादीवर आले. अकरा वर्षे चाललेल्या वादात पत्रे, अर्ज आणि शास्त्रीपंडितांची मते यांची देवघेव झाली व १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींच्या बाजूने कौल दिला. या प्रकरणाचे आजवरचे लेखन मोठ्या प्रमाणात इंग्रजी कागदांवर आधारलेले आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती तुलनेने बरी आहे. पुणे अभिलेखागारातील पेशवे दप्तराचे कागद कोटींच्या घरात आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने साधने छापण्याची परंपरा निर्माण केली. तंजावरच्या मोडी दप्तराला मराठीत असे खंड लाभले नाहीत.

कापूर, वेखंड आणि संगणक

कागद टिकवण्याचे तंत्र तंजावरला नवे नाही. वेखंड, काळे जिरे, दालचिनी, मिरी आणि लवंग यांची पूड कापरासह पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची पद्धत या ग्रंथालयात चालत आली आहे. काजळीपासून केलेली जुनी शाई कागद जाळत नाही, ही जमेची बाजू. दमट हवा, कसर आणि वारंवार घड्या घातल्याने तुटणाऱ्या कडा हे खरे शत्रू. छायाचित्रण करून प्रतिमा तयार करणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे. त्यामुळे मूळ कागद हाताळण्याची गरज कमी होते.

परंतु प्रतिमा म्हणजे वाचन नव्हे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणाली २०२५ मध्ये मांडली. त्यासाठी दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमा व त्यांची देवनागरी लिप्यंतरे यांचा संच तयार करण्यात आला. ही वाट आशादायक आहे. तथापि यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसाने अचूक वाचलेले नमुने लागतात, आणि ‘कलम’ म्हणजे लेखणी की धान्याचे माप, हे पानावरील अक्षरांच्या आकारावरून यंत्राला कळत नाही. तंजावरचे नमुने प्रशिक्षणात नसतील, तर पुण्याच्या वळणावर शिकलेले यंत्र येथे चुकण्याचा संभव अधिक.

म्हणजे गरज तीन गोष्टींची आहे. प्रत्येक रुमालात कोणत्या काळाचे व कोणत्या विषयाचे कागद आहेत, हे सांगणारी मराठी, तमिळ आणि इंग्रजी अशी त्रिभाषिक सूची. मूळ मराठी पाठाचे टप्प्याटप्प्याने प्रकाशन. आणि मोडी वाचकांची नवी पिढी. महाराष्ट्रात मोडीचे प्राथमिक वर्ग अनेक ठिकाणी चालतात. त्यातून तयार होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तंजावरचे दप्तर हे तयार कार्यक्षेत्र आहे. तंजावरच्या परिसरात घरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत, पण त्यांतील अनेकांना वाचायला देवनागरीपेक्षा तमिळ लिपी सवयीची आहे. पूर्वजांच्या हातचा कागद पुढ्यात ठेवला, तरी तो वाचण्यासाठी त्यांनाही तिसऱ्याची मदत लागते.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो २००४ मध्येच मिळाला होता. दोन अभिजात भाषांच्या सीमेवर लिहिले गेलेले हे दप्तर दोन्ही राज्यांचा वारसा आहे. दोन्हीकडील विद्यापीठांनी आणि अभिलेखागारांनी मिळून त्याची सूची करण्याचे काम हाती घेतले, तर त्यासाठी नवी इमारत किंवा नवा कायदा लागणार नाही. कागद जागेवर आहेत. ते वाचू शकणारी मोजकी माणसे आज शिकवण्यासाठी उपलब्ध आहेत, तोवर हे काम सुरू होणे आवश्यक आहे.